शाळेचं वेळापत्रक सॉफ्टवेअरमध्ये बसवताना: तासिका, घंटा आणि शनिवार

सातवी_ब | ८ जून, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आमची शाळा तालुक्याच्या गावी, अनुदानित, पाचवी ते दहावी. तुकड्या वीस आणि खोल्या दहा, त्यामुळे शाळा दोन सत्रांत भरते. आठवी ते दहावी सकाळी, पाचवी ते सातवी दुपारी. गेली नऊ वर्षं वेळापत्रक माझ्याकडे आहे. आजवर ते आखीव कागदावर पेन्सिलीने केलं आणि दरवर्षी बसलंही. यंदा संस्थेने सॉफ्टवेअर घेतलं. हजेरी, बदली तास, निकाल, सगळं आता त्यातूनच करायचं आहे. शाळा सुरू व्हायला आठवडा राहिला आणि मी पहिल्याच पानावर अडकून बसले आहे.

आमच्या वेळा अशा: सकाळी ७:०० ते ७:१० परिपाठ, मग ३५ मिनिटांच्या आठ तासिका. तिसरीनंतर २० मिनिटांची मोठी सुट्टी, सहावीनंतर १० मिनिटांची छोटी. १२:२० ला सुटते. दुपारी १२:३० ला परिपाठ, तशाच आठ तासिका, चौथीनंतर २५ मिनिटं, सहावीनंतर १० मिनिटं, ५:५५ ला सुटते. शनिवारी दोन्ही सत्रं दुपारी एकच्या आत संपतात: पहिलं ७:०० ते ९:५०, दुसरं १०:०० ते १२:५०. त्या दिवशी ३० मिनिटांच्या पाचच तासिका आणि मध्ये १० मिनिटांची सुट्टी.

अडचणी दोन. पहिली: चित्रकलेचे सर दोन्ही सत्रांत शिकवतात. त्यांना मंगळवारी सकाळी दुसरी तासिका ९ अ वर आणि दुपारी दुसरी तासिका ६ क वर दिली, की सॉफ्टवेअर लाल चौकोन दाखवतं, ‘शिक्षक आधीच व्यस्त’. अहो, मध्ये पाच तासांचं अंतर आहे! दुसरी: शनिवारसाठी तासिकेची वेळ ३० मिनिटं केली, तर सोमवार ते शुक्रवारही ३० मिनिटांचे झाले. मदतवाणीवरच्या मुलाने सुचवलं, ‘मॅडम, शनिवारसाठी वेगळी शाळा तयार करा.’ मग मुलांची नावं दोनदा भरायची का?

कुणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा. तासिका किती टाकू, आणि बेल शेड्यूल म्हणतात ती एक करू की चार?

---

अनुस्वार | ८ जून, रात्री ९:३२

वेगळी शाळा अजिबात करू नका. वर्षअखेरीला हजेरीची बेरीज हाताने करावी लागेल.

---

लेखनिक | ८ जून, रात्री १०:०५

ताई, मी माध्यमिक शाळेत लिपिक आहे, चार वर्षं हेच काम करतोय. तुमच्या दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. आपण ‘दुसरी तासिका’ म्हणतो तेव्हा आपल्या डोक्यात दोन गोष्टी एकत्र असतात: तो कितवा तास आहे आणि तो किती वाजता असतो. सॉफ्टवेअरमध्ये या दोन्हींचे कप्पे वेगळे असतात. तासिका म्हणजे नुसतं नाव, एक रिकामा खण. तिला वेळ नसते. वेळ असते ती बेल शेड्यूलला. बेल शेड्यूल सांगतं, ‘आज या खणाची घंटा इतक्या वाजता.’

म्हणून तासिका आठ नाही, सोळा टाका. स१ ते स८ आणि दु१ ते दु८. चित्रकलेच्या सरांचा लाल चौकोन लगेच जाईल, कारण स२ आणि दु२ हे दोन निरनिराळे खण झाले. आत्ता तुम्ही दोन्ही सत्रांना एकच ‘२’ दिला आहे, म्हणून त्याला वाटतं सर एकाच वेळी दोन वर्गांत उभे आहेत.

मग बेल शेड्यूल दोन करा. ‘सोम-शुक्र’ मध्ये सोळाही खणांना वेळा द्या. ‘शनिवार’ मध्ये स१ ते स५ आणि दु१ ते दु५ यांनाच वेळा द्या, बाकीचे रिकामे सोडा. शेवटी कॅलेंडरमध्ये जाऊन प्रत्येक शनिवारी दुसरं शेड्यूल लावा. तासिकेच्या पानावर जिथे ‘कालावधी’ लिहायला जागा आहे तिथे हातच लावू नका. तुमचा सगळा आठवडा तिथूनच बदलला.

---

बे_एरिया_आई | ८ जून, रात्री १०:४८

लेखनिक यांनी अगदी नेमकं सांगितलं. मी कॅलिफोर्नियात शाळांच्या जिल्हा कार्यालयात विद्यार्थी-नोंदींचं काम करते. आमच्याकडे पॉवरस्कूल हे शाळांचं सॉफ्टवेअर आहे आणि त्यात कॅलेंडरच्या प्रत्येक तारखेवर दोन वेगळ्या चिठ्ठ्या लावाव्या लागतात. एक चिठ्ठी ‘आज चक्रातला कुठला दिवस’, म्हणजे ए की बी. दुसरी ‘आज कुठलं बेल शेड्यूल’. ए दिवशी मुलांचे चार विषय, बी दिवशी दुसरे चार. पण ए दिवशीच शाळा लवकर सुटणार असेल तर विषय तेच राहतात, फक्त घंटेच्या वेळा बदलतात. शिक्षकांचं वेळापत्रक हलत नाही.

भारतातल्या शाळेत ए-बी नसतं, पण सोमवार ते शनिवार हेच तुमचं सहा दिवसांचं चक्र समजा. एखाद्या गुरुवारी सभेमुळे तास लहान करायचे असतील, तर ‘गुरुवार’ तसाच ठेवायचा आणि त्या तारखेला ‘लहान तास’ हे शेड्यूल लावायचं.

इथे कायद्यामुळे वेळा बदलल्या तेव्हा याचा फार उपयोग झाला. १ जुलै २०२२ पासून राज्यात बहुतेक हायस्कूलना सकाळी ८:३० च्या आधी आणि मिडल स्कूलना ८:०० च्या आधी शाळा भरवता येत नाही. वर्ग, विषय, शिक्षक यांना हात न लावता फक्त बेल शेड्यूल नवं करून हे काम झालं.

---

पेठेतली_बाई | ९ जून, सकाळी ६:५५

आपल्याकडेही तसंच झालं की. ८ फेब्रुवारी २०२४ चा शासन निर्णय: चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय काढला होता. आमच्या इमारतीत प्राथमिक सकाळी ७:१० ला आणि माध्यमिक दुपारी असायचं. प्राथमिक नऊला गेल्यावर माध्यमिकला खोल्या कधी मिळणार? शेवटी माध्यमिक पहाटे आलं, आता दहावीची मुलं सातला जांभया देत बसतात. लहानग्यांची झोप झाली याचा आनंद आहे, पण इमारत एकच असेल तर एकाची झोप दुसऱ्याच्या डोळ्यांतून काढली जाते.

---

दोन_डबे | ९ जून, सकाळी ८:२०

मी शिक्षिका नाही, पालक आहे. वेळा वाचल्या आणि विचारावंसं वाटलं, मोठी सुट्टी फक्त २० मिनिटं? माझा मुलगा सहावीत आहे (दुसऱ्या शाळेत). रोज अर्धी पोळी परत येते. विचारलं की म्हणतो, ‘हात धुवायच्या रांगेतच घंटा होते.’

---

सातवी_ब | ९ जून, सकाळी १०:१५

लेखनिक दादा, मनापासून आभार. रात्रीच बसून सोळा खण केले. चित्रकलेचा लाल चौकोन गेला!

दोन_डबे ताई, तुमचं बरोबर आहे आणि मला ते बोचतं. पोषण आहार आठवीपर्यंत असतो, म्हणजे आमच्या सकाळच्या सत्रातही आठवीच्या तीन तुकड्या जेवतात. रांग, वाटप, ताटल्या धुणं, सगळं २० मिनिटांत. संस्थेचा आग्रह तर असा आहे की मोठी सुट्टी १५ मिनिटांवर आणावी, म्हणजे शाळा ५ मिनिटं आधी सुटेल आणि दुपार सत्राला खोल्या झाडून मिळतील.

---

मैदान | ९ जून, सकाळी ११:०२

सुट्टी कमी करायला माझा ठाम विरोध. मी क्रीडाशिक्षक आहे. मुलं शाळेत मोकळी धावतात ती तेवढ्याच वेळात.

आणि सॉफ्टवेअरचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. वेळापत्रक आपोआप तयार करताना आधी गणित, विज्ञान, इंग्रजी बसवतात आणि उरलेल्या खणांत पीटी ढकलतात. मागच्या वर्षी माझे सहा तास मोठ्या सुट्टीच्या लगेच नंतर आले. जेवून आलेली मुलं पळवायची कशी? दोन पोरांना उलट्या झाल्या. उन्हाळ्यात सकाळ सत्राचे शेवटचे दोन तास मैदानावर, पायाखाली फुफाटा. ताई, तुम्ही खण भरायला बसाल तेव्हा पीटीला ‘सुट्टीनंतरचा खण नको’ आणि ‘स७, स८ नको’ या दोन अटी आधी घाला. मग बाकीचे विषय. हात जोडून विनंती.

---

फळा_पुसणी | ९ जून, दुपारी १२:४०

मैदान सरांच्या एकेका शब्दाशी सहमत.

मी निवृत्त मुख्याध्यापक. आमच्या वेळी कार्यालयात भिंतीवर एक मोठी लाकडी फळी असायची. उभ्या रांगेत तुकड्या, आडव्या रांगेत तासिका, प्रत्येक घरात एक बारीक खिळा. प्रत्येक शिक्षकाचा एक रंग, त्या रंगाच्या पुठ्ठ्याच्या चकत्या. मे महिन्यात पर्यवेक्षक आणि मी दोघं चार-चार दिवस त्या फळीसमोर उभे असायचो. एका आडव्या रांगेत एकच रंग दोनदा दिसला की चूक. दुरून पाहिलं तरी कळायचं.

त्या चार दिवसांत आम्ही रंग जुळवण्यापेक्षा माणसांचाच विचार जास्त करत असू. कोणाचं बाळ सहा महिन्यांचं आहे, तिला चौथा तास ऑफ द्या म्हणजे घरी जाऊन येईल. कोण एसटीने येतं, गाडी ७:०५ ला लागते, त्यांना पहिला तास नको. कोणते दोन शिक्षक सलग पाच तास उभे राहू शकत नाहीत. सातवी_ब ताई, हे सगळं तुम्हाला नऊ वर्षांत पाठ झालं असणार. ते आधी एका वहीत उतरवून काढा, आणि मग संगणकासमोर बसा.

---

अनुस्वार | ९ जून, दुपारी १:१५

सरांच्या वहीला सॉफ्टवेअरच्या भाषेत ‘अटी’ म्हणतात, आणि खरं काम तेच आहे. माझं शिक्षण संगणकशास्त्रातलं. वेळापत्रक बसवणं हा त्या शास्त्रातला गाजलेला अवघड प्रश्न आहे. १९७६ साली ईव्हन, इताई आणि शमीर या तिघांनी दाखवून दिलं की शिक्षक, वर्ग आणि वेळा यांचं अगदी साधं रूप घेतलं तरी तो एनपी-कम्प्लीट वर्गात मोडतो. म्हणजे प्रत्येक शाळेला हमखास आणि झटपट उत्तर देईल अशी रीत आजही कुणाकडे नाही. पेन्सिलीने नऊ वर्षं हे जमवणाऱ्या माणसाला माझा नमस्कार.

शाळेच्या सॉफ्टवेअरमध्ये वेळापत्रक ‘तयार’ होत नसेल तर एफईटी हे वेळापत्रक बसवणारं सॉफ्टवेअर वापरून बघा. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, लिव्यू लालेस्कू हे रोमानियन गृहस्थ २००२ पासून त्यावर काम करत आहेत. ते आपण कागदावर करतो तेच करतं: सगळ्यात अडचणीचा तास आधी बसवतं, जागा नसेल तर बसलेला एखादा उठवून त्याला दुसरीकडे बसवायला बघतं. प्रत्येक अटीला टक्के देता येतात. ‘शिक्षक एका वेळी एकाच वर्गात’ याला शंभर. ‘गणित शक्यतो मोठ्या सुट्टीआधी’ याला ऐंशी-नव्वद. सगळ्याच अटींना शंभर दिले तर ते शेवटपर्यंत फिरत राहतं आणि काहीच हाती लागत नाही. हा अनुभव मी घेतला आहे.

एफईटीमध्येही तासिका ही फक्त नावांची यादी आहे, घड्याळ त्याला माहीतच नसतं. लेखनिक म्हणतात ती सोळा नावं तिथेही तशीच टाका आणि शनिवारी न भरणाऱ्या खणांना ‘सुट्टी’ लावून बंद करा.

---

मोरपीस | ९ जून, दुपारी ३:३०

संस्कृतचं काय केलंत? आमच्याकडे आठवीच्या तिन्ही तुकड्यांत काही मुलं संपूर्ण हिंदी घेतात, काही हिंदी-संस्कृत संयुक्त. त्या तासाला तिन्ही तुकड्या फुटतात आणि नव्याने दोन-तीन गट होतात. सॉफ्टवेअरला वाटतं तुकडी एकाच जागी आहे. हजेरीत अर्धी मुलं गैरहजर दिसायची.

---

लेखनिक | ९ जून, सायंकाळी ५:५०

मोरपीस, त्या तासासाठी तुकडीऐवजी ‘गट’ करावा लागतो आणि मुलं गटाला जोडावी लागतात. तिन्ही तुकड्यांचे ते तास एकाच खणात बांधून ठेवायचे. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाचा जोडतासही आधीच बांधून घ्या, आणि तो सुट्टीवर पडणार नाही हे बघा. आमच्याकडे एकदा तिसरी-चौथी जोडली गेली. प्रयोगशाळेत बर्नर पेटलेला आणि मध्येच मोठी सुट्टी.

ताई, आणखी एक महत्त्वाचं. हजेरी एकदा भरायला लागलात की चालू बेल शेड्यूलच्या वेळा बदलू नका. मार्चमध्ये उन्हामुळे वेळ बदलेल तेव्हा त्याची प्रत काढून नवं शेड्यूल करा, ‘उन्हाळी’, आणि ते पुढच्या तारखांनाच लावा. आमच्या शाळेत जुनंच दुरुस्त केलं आणि जूनपासूनच्या सगळ्या हजेरीवर नव्या वेळा चढल्या. उशिरा येणाऱ्या मुलांचा सगळा हिशेब फिरला.

---

गणितातला_मी | ९ जून, रात्री ८:०५

सुट्टीवरून चर्चा झाली म्हणून एक हिशेब मांडतो. तुमच्या दुपार सत्रात सोमवार ते शुक्रवार रोज ८ × ३५ = २८० मिनिटं, पाच दिवसांची १४००. शनिवारची १५०. आठवड्याला १५५० मिनिटं, म्हणजे २५ तास ५० मिनिटं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन आहे. २२० दिवस म्हणजे सहा दिवसांचे साधारण पावणेसदतीस आठवडे. गुणाकार येतो सुमारे ९४७ तास. त्रेपन्न तास कमी!

---

सातवी_ब | ९ जून, रात्री ८:२०

बाप रे. हे कधी मोजलंच नव्हतं. परिपाठाची १० मिनिटं धरली तर?

---

गणितातला_मी | ९ जून, रात्री ८:३१

परिपाठ अध्यापनात धरायचा की नाही हा वेगळा वाद होईल. धरला तरी २२० दिवसांचे ३६ तास ४० मिनिटं होतात, बेरीज ९८४ च्या आसपास. तरी कमीच.

---

फळा_पुसणी | ९ जून, रात्री ८:५५

गणित बरोबर, पण २२० हा किमान आकडा आहे. वर्षाचं नियोजन करताना आम्ही दिवस त्याहून जास्त धरत असू. याच वेळा ठेवून शाळा २३३ दिवस भरली तर हजार तास पूर्ण होतात, करून बघा. पाचवीला तर २०० दिवस आणि ८०० तासच आहेत. तेव्हा ताई, घाबरू नका. पण तुमच्या संस्थेला हा हिशेब जरूर दाखवा. तास भरून काढायचे असतील तर दिवस वाढवा, मुलांच्या जेवणाला हात लावू नका.

---

दोन_डबे | ९ जून, रात्री ९:००

सर, धन्यवाद. शेवटच्या वाक्यासाठी विशेष.

---

तांबडा_पांढरा | ९ जून, रात्री ११:२०

वेळापत्रकाचं सगळ्यांनी छान सांगितलं, मी घंटेचं सांगतो. कारण बेल शेड्यूल कितीही नीट केलं तरी शेवटी कुणीतरी किंवा कशाने तरी ती वाजवायला हवी.

गावच्या शाळेसाठी दोन वर्षांपूर्वी मी रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक वापरून आपोआप वाजणारी घंटा केली. कार्यालयात छोटा डबा, त्यातून एक रिले (विजेवर चालणारं बटण), रिलेवर घंटा आणि व्हरांड्यातले कर्णे. पहिला महिना झकास. मग एका पहाटे मुख्याध्यापकांचा फोन, ‘सव्वासात झाले, घंटाच नाही!’ झालं असं की रात्री सव्वाला लाईट गेली, ती सकाळी पावणेसातला आली. त्या पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. बंद होताना शेवटची नोंदलेली वेळ पकडून तो उठला आणि त्या दिवशी इंटरनेटही नव्हतं. त्याच्या मते मध्यरात्र नुकतीच उलटली होती. मुलं मैदानात रांगा लावून उभी आणि डबा आपला रात्रच धरून बसलेला.

उपाय स्वस्त आहे. डीएस३२३१ नावाचं घड्याळाचं छोटं सर्किट मिळतं, त्यात सीआर२०३२ ही बटणासारखी बॅटरी बसते. लाईट असो-नसो, ते चालत राहतं आणि वर्षभरात जेमतेम मिनिटभर चुकतं. दुकानदार डीएस१३०७ देईल, ते घेऊ नका. ते महिन्यालाच मिनिटभर सरकू शकतं, कारण तपमानाप्रमाणे स्वतःला सावरायची सोय त्यात नाही.

दुसरं, सेटिंगमध्ये टाइमझोन बघा. सर्व्हर जागतिक वेळेवर असेल तर सकाळी ७:०० ची हजेरी १:३० ला नोंदली जाते. अहवालात साडेपाच तासांचा फरक दिसला की समजायचं इथेच चूक आहे.

---

लेखनिक | १० जून, सकाळी ७:३०

साडेपाच तासांचं अगदी खरं! आमच्या पहिल्या अहवालात सगळी शाळा मध्यरात्री दीडला हजर होती. मुख्याध्यापिकांनी मला विचारलं, ‘हे काय, शिवरात्र होती का?’

---

मोरपीस | १० जून, सकाळी ९:१२

😄

---

कोंकणकडा | १० जून, सकाळी १०:४०

तांबडा_पांढरा, यंत्राची घंटा चांगली, पण तिच्यात एक उणीव आहे. आमच्या शाळेत शिपाईमामा रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर लोखंडी गजाने टोल देत. पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, पाचव्याला पाच. मोठ्या सुट्टीला नुसती घणघण. शेतात काम करणाऱ्या माझ्या आईलाही कळायचं की आता माझा कितवा तास सुरू आहे. आता सगळ्या तासांना एकच किर्रर्र. मुलंच काय, शिक्षकही बाहेर येऊन विचारतात, ‘पाचवा झाला की सहावा?’

आणखी एक, सॉफ्टवेअरमध्ये एक तास ८:२० ला संपतो आणि दुसरा ८:२० लाच सुरू होतो. खालच्या मजल्यावरून वर जायला शिक्षकाला दोन-तीन मिनिटं लागतात. मामा आम्हाला जिन्यात बघायचे आणि शेवटचा टोल थोडा थांबून द्यायचे.

---

तांबडा_पांढरा | १० जून, सकाळी ११:१५

कोंकणकडा, टोलांचं करता येईल! प्रत्येक खणाला वेगळी ध्वनिफीत लावता येते. स१ ला एक टोल, स२ ला दोन. मला कधी सुचलंच नव्हतं. या रविवारी बसवतो.

जाण्यायेण्याच्या वेळेसाठी हजेरीची मुदत तास सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी ठेवा. म्हणजे वर चढून येणाऱ्या शिक्षकांवर उशिराचा शेरा पडत नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा | १० जून, दुपारी २:००

आमच्या विदर्भात शाळाच जूनच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होते. तुमची १५-१६ जूनची धावपळ बघून हायसं वाटलं. पण उन्हाळी शेड्यूल आम्हाला लवकर लागतं, मार्चपासूनच. तेव्हा ताई, ‘उन्हाळी’ आत्ताच करून ठेवा. त्या धामधुमीत पुन्हा हे पान उघडावं लागणार नाही. ‘परीक्षा’ हेही वेगळं करा, त्यात दोनच खण, पण तीन-तीन तासांचे.

---

मैदान | १० जून, दुपारी २:४५

ताई, पीटीचं काय झालं?

---

सातवी_ब | १४ जून, रात्री १०:३०

चार दिवस गायब होते, माफ करा. काम झालं, ते सविस्तर सांगते.

सरांनी सांगितल्याप्रमाणे आधी वही केली. अठ्ठावीस शिक्षक, प्रत्येकाला एक पान. शेजारी बसून विचारलं. नऊ वर्षांत मला वाटत होतं सगळं माहीत आहे, पण दोन गोष्टी नव्याने कळल्या. इंग्रजीच्या मॅडमची डायलिसिसवर असलेली आई, त्यांना मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी लवकर निघावं लागतं. त्यांनी कधीच मागितलं नव्हतं. आणि विज्ञानाच्या सरांचा गुडघा, त्यांना वरच्या मजल्यावर सलग तास नकोत.

एफईटीमध्ये या अटी घातल्या. पहिल्यांदा सगळ्याला शंभर टक्के दिले, अनुस्वार यांनी सांगूनही. रात्री दोन वाजेपर्यंत आकडा ८७३ वर अडकला होता, ९०० तास बसवायचे होते. दुसऱ्या दिवशी ‘शक्यतो’ वाल्या अटी ८५ वर आणल्या आणि चहा घेऊन येईपर्यंत सगळे बसले.

मैदान सर, पीटी सुट्टीनंतर एकही नाही. स७-स८ मध्ये तीन आहेत, त्यातले दोन जुलै-ऑगस्टमध्ये सभागृहात घेता येतील. उन्हाळी शेड्यूल लागेल तेव्हा ते तीन बदलून देईन, हा शब्द.

बेल शेड्यूल पाच झाली: सोम-शुक्र, शनिवार, परीक्षा, उन्हाळी आणि लहान तास. कॅलेंडरमध्ये वर्षभराचे सगळे शनिवार एक-एक करून लावले. तारखा मोजल्या तर यंदा २३५ दिवस शाळा भरणार आहे. गणितातला_मी, तुमचा आणि फळा_पुसणी सरांचा हिशेब कागदावर लिहून संस्थेच्या बैठकीत नेला. मोठी सुट्टी २० मिनिटंच राहिली. मी २५ मागितली होती, ती नाही मिळाली. पण आठवीच्या हात धुण्यासाठी दोन नळ वाढवून मिळाले आहेत.

---

दोन_डबे | १४ जून, रात्री १०:४१

नळ वाढवणं कुणाच्या डोक्यात आलं? फार छान!

---

सातवी_ब | १४ जून, रात्री १०:५२

आमच्या शिपाईमामांच्या. बैठकीत चहा द्यायला आले होते, तेव्हा म्हणाले, ‘वेळ नाय कमी पडत बाई, नळ कमी पडत्यात.’

आणि कोंकणकडा, आमचाही रूळ अजून वडाला टांगलेला आहे. काल मामांना उभं करून मोबाईलवर एक ते आठ टोल ध्वनिमुद्रित केले. सोमवारपासून यंत्रातून तेच वाजतील. मामा प्रत्येक टोलानंतर गज कानाजवळ धरून थांबायचे, घुमणं पूर्ण संपलं की मगच पुढचा.

---

तांबडा_पांढरा | १४ जून, रात्री ११:०५

ताई, मोबाईल किती लांब धरला होता? मी रविवारी प्रयत्न केला, पण टोल पडला की आवाज फाटतो.

---

सातवी_ब | १४ जून, रात्री ११:११

पहिल्यांदा आमचाही फाटला. मग मी व्हरांड्याच्या कोपऱ्यात गेले, साधारण पंधरा-वीस पावलांवर, आणि मोबाईलवर सुती रुमाल टाकला. सकाळी सहाच्या आत करा, नंतर कावळे येतात.